कुठल्या हाताची

चिकटपट्टी निळी होती, वायरमन वापरतात तसली.
मुठीवर अकरा वेढे. मी मोजत उलगडले.
खाली बर्चचं लाकूड
प्लास्टर काढलेल्या पायासारखं फिकट, जरा लाजलेलं.

बाहेर उणे सत्तेचाळीस. याकुत्स्कच्या शाळा बंद.
तिमिर आतल्या खोलीत कुणाशी तरी लढतोय.
(आमच्याकडे तिमिर म्हणजे लोखंड.
नाव मेहेसमामानेच ठेवलेलं.)
टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, बशीत व्हिनेगर,
आणि व्हिनेगरमध्ये वीतभर पातं,
गेल्या शरदात मामाच्या खोगिराखाली सापडलेलं.

आमच्या सुरीचं पातं दुतोंडी नसतं.
एक अंग फुगीर, एक सपाट,
सपाट अंगावर लांब पन्हळ,
आणि धार एकाच बाजूने लावायची.
म्हणून मूठ घ्यायला गेलं की
बाजारातला म्हातारा गाव्रिल आधी विचारतो,
"डावी की उजवी?"
चपलेचा नंबर विचारावा तसा.
उजवी, म्हणाले मी. मामाची आहे.

मामा उजव्या हाताने जेवायचा,
सरकारी रजिस्टरात सही करायचा,
घोड्यांना टोचायचा उजव्या हाताने.
माझ्या डाव्या हातातला चमचा
काहीही न बोलता काढून
उजव्या हातात द्यायचा.
मी पुन्हा डाव्यात घ्यायचे. तो पुन्हा काढायचा.
सूप गार व्हायचं.

गंज जायला दोन दिवस लागले.
चारशेचा कागद, मग आठशेचा,
मग बाराशेचा, पाण्यात बुडवून,
मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने.
घाई करून मागेपुढे घासलं तर पातं रुसतं, धुरकट दिसतं.
तीन काळे डाग निघेनात.
राहू दे म्हटलं. पत्र्याच्या डब्यासारखं चकचकीत
कशाला करायचं कुणाला.

तिसऱ्या रात्री नवी मूठ लावून पाहिली
आणि काहीतरी बसेना.
गाव्रिलने काढलेला फुगवटा तळव्याऐवजी बोटांत येत होता.
नवऱ्याची सुरी आणून शेजारी ठेवली,
दोन्हींची टोकं खिडकीकडे.
पन्हळी समोरासमोर आल्या,
बाकावर बसलेली दोन माणसं
बोलायला एकमेकांकडे वळावीत तशा.

मग जुनी मूठ कचऱ्यातून उचलली.
एका बगलेला खळगा, अंगठ्याने झिजवलेला,
तीस-चाळीस वर्षांचा.
माझा डावा अंगठा त्यात गेला.
थोडा सैल.

आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, सुरी हातात घेतली की तो
गोठ्यापलीकडे जाऊन बसायचा,
आमच्याकडे पाठ करून.
आम्हाला वाटायचं, स्वभाव.
त्यांच्या शाळेबद्दल मी विचारलं.
त्यावर ती हवामानाचं बोलायला लागली.

गाव्रिलकडे परत गेले नाही.
कानस घेतली. उजवीकडचा फुगवटा उतरवला,
भुसा मांडीवर, चहात, तिमिरच्या केसांत.
जवसाचं तेल तीनदा चोळलं,
प्रत्येक वेळी रात्रभर थांबून.
लाकडातल्या गाठी हळूहळू वर आल्या,
गढूळ पाणी निवळत जावं तशा.
खळगा मात्र कोरला नाही.
तो पाडायला एक माणूस लागतो, आणि पुष्कळ दिवस.

जुनी मूठ खिडकीत आहे. निळी पट्टी फेकली.

रविवारी बाल्कनीतून गोठलेला मासा आणला,
पाटावर नाकावर उभा धरला, शेपूट वर,
आणि डाव्या हाताने वरून खाली ओढलं.
आतापर्यंत दुसऱ्यांच्या सुऱ्यांनी
माझे काप जाड निघायचे, तुटायचे.
हा निघाला कागदासारखा, पुढे जाऊन वळला,
त्यातून दिवा दिसत होता.

तिमिरने तो मीठमिरीत बुडवून तोंडात टाकला.
कुठल्या हाताने, ते मी पाहिलं नाही.
आणखी एक, म्हणाला.